आउटबॉक्समध्ये अडकलेली लाईन

मंडळी, आज सकाळपासून महाडच्या आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून एकही मेल जात नव्हता. तिकडे पुण्याला गिऱ्हाईकाच्या गेटवर आमचा ट्रक उभा. मालाचा टेस्ट रिपोर्ट ऑफिसच्या मेलवरूनच आला पाहिजे, नाहीतर माल उतरवणार नाही म्हणाले. ड्रायव्हरचे फोनवर फोन.

शेवटी मुंबईच्या हेल्पडेस्कला फोन लावला आणि मी वैतागून हिंदीत सुरू झाले. पलीकडचा माणूस शांतपणे मराठीत म्हणाला, "ताई, कशेडी घाटात एक ट्रक आडवा झाला की मागची लाईन हलते का? आउटबॉक्समधला सगळ्यात जुना मेल बघा."

तो माझाच होता, मशीनच्या भल्यामोठ्या फोटोंचा. काढून टाकला आणि मागचे सगळे भराभर गेले. रिपोर्टही गेला.

"तुम्ही इकडचे का?" मी विचारलं.

"कापडे गावचा. ताई, आईचा फोन परवापासून लागत नाय ओ."

मी पोलादपूरची. संध्याकाळी घरी न थांबता तशीच पुढे कापड्याला गेले, विचारत विचारत त्याचं घर गाठलं. त्याची आई, काकू, अंगणात भात वाळवत होत्या. फोन बादलीत पडून बंद झालेला.

"मी बरी हाय सांग गो त्याला. आनी जेवतो का येळेवर, इचार."

घरी येऊन त्याला तेवढाच मेल केला. क्षणात गेला. उत्तर यायला मात्र बराच वेळ लागला. "जेवलो," एवढंच.

तुमच्यापैकी कुणाचा निरोप इकडे अडकलाय का? सांगा, देऊन येते.