बटणाआधीचं मिनिट

सोल्डरिंगचा वास आला की नेकनूरचा तो रेडिओ दुरुस्त करणारा आठवतो. पेटंटच्या सुनावणीला त्यानं स्वतः जोडलेला रेकॉर्डर आणला होता. तो रेकॉर्डर सतत गुपचूप ऐकत राहायचा. बटण दाबलं की आधीचं मिनिटभराचं बोलणंही जपून ठेवायचा. "बटन दाबंपर्यंत अम्मी बोलून गेलती, साहेब. म्हनून बनवलं." मी परीक्षक. दोन जुने शोध शेजारी-शेजारी मांडले आणि 'हे कुणाही जाणकाराला सहज सुचेल' असं लिहून अर्ज फेटाळला. कायद्यानं ते बरोबरच होतं. "सहज सुचतंय, तर आदी कुनी कावून केलं न्हाई?" त्यानं हळूच विचारलं. मी पुढची फाईल उघडली. गेल्या वर्षी दवाखान्यात माझे वडील, अण्णा, अखेरचं बोलले, तेव्हा मी धडपडत मोबाईल काढला. त्या रेकॉर्डिंगमध्ये फक्त माझाच आवाज आहे: "अण्णा, परत बोला ना."