तिसऱ्या शिफ्टची खोली

बारा तारखेला, रविवारी सकाळी अकरा वाजता, आमच्या सोसायटीच्या ऑफिसात नव्या इमारतीच्या आर्किटेक्टची फी ठरत होती. रक्कम अठरा लाख, जीएसटी वेगळा. हजर आठ जण : चेअरमन भगवानराव, सेक्रेटरी, कमिटीचे चार सभासद, बिल्डरचा माणूस आणि खजिनदार म्हणून मी. जीएसटी कोणी भरायचा यावर घोडं अडलं होतं, तेवढ्यात माझा फोन वाजला. कोथरूडहून टेंबेबाईंची भाची बोलत होती. "मोहनकाका, आत्या गेली. पहाटे, झोपेतच." मी फोन ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, सुलभा टेंबे गेल्या.

"कोन टेंबे?" भगवानरावांनी विचारलं.

"ही आपली इमारत ज्यांनी आखली, त्या."

"ती नकाशावाली म्हातारी व्हय! अरारा... पन वय बी लई झालं व्हतं म्हना." सगळे दोन मिनिटं उभे राहिले. दोन मिनिटं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो, प्रत्यक्षात तेवढीही झाली नाहीत. बसता बसता भगवानराव म्हणाले, "हां, तर जीएसटीचं कसं करायचं?"

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. त्या दिवशी त्या खोलीत बाईंबद्दल जे बोलायला हवं होतं ते कोणी बोललं नाही, आणि मी बोलू लागलो तेव्हा विषय पुढे गेला होता. म्हणून इथे लिहितो आहे. आयुष्याच्या शेवटच्या वर्षात या बाईला आमच्याकडून एकच गोष्ट हवी होती. जुनी इमारत पाडून जी नवी उभी राहणार आहे, तिच्यात घराघरात एक खोली दारापासून लांब असावी, दिवसा कोणालातरी शांत झोपता येईल अशी. एवढंच. नाव नको होतं, मान नको होता, पैशाचा तर प्रश्नच नव्हता.

ही खोली कुठून आली ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझे वडील बीड जिल्ह्यातून पिंपरीला आले आणि कारखान्यात लागले. आम्ही तेव्हा पिंपरी कॅम्पाच्या मागच्या बाजूला एका खोलीत भाड्याने राहत होतो. दर तिसऱ्या आठवड्याला वडिलांची रात्रपाळी असे. सकाळी येऊन ते झोपले की आईने आणि आम्ही तिघा भावंडांनी बाहेर पडायचं. घर एकच खोली, जाणार कुठे? आजूबाजूच्या सगळ्या घरांची हीच तऱ्हा. दुपारभर बायका पायऱ्यांवर बसून असत, पोरांची तोंडं दाबत. पुढे कामगारांनी मिळून सोसायटी काढली, चिंचवडला जागा मिळाली आणि पुण्यातल्या एका आर्किटेक्टना काम दिलं. त्यांच्या ऑफिसात टेंबेबाई नोकरीला होत्या, पस्तिशीच्या आत-बाहेरच्या. साहेबांनी त्यांना जागा मोजायला पाठवलं. बाईंनी जागा मोजली आणि परत जायच्या ऐवजी त्या आमच्या त्या पायऱ्यांवर येऊन बसल्या. आई हे सांगायची तेव्हा दर वेळी हसायची. इस्त्रीची सुती साडी, खांद्याला पिशवी आणि पहिलाच प्रश्न, "वहिनी, तुम्ही सगळ्या दुपारच्या बाहेर का?"

आई म्हणाली, "आत ह्ये घोरायलेत की बाई. भांडं वाजलं तर अंगावर येतेत. आता तुमीच सांगा, भाकरी न वाजवता कशी थापावी?"

बाई त्यानंतर तीन-चार वेळा आल्या, दर वेळी दुपारीच. मग त्यांनी जो आराखडा काढला तो सगळ्यांना उलटा वाटला. दार उघडलं की रुंद गॅलरी, तिला लागून स्वयंपाकघर, ओट्यासमोर खिडकी आणि खिडकीतून खाली मधलं अंगण, म्हणजे पोळी लाटता लाटता पोरांवर नजर राहील. आणि दारापासून सगळ्यात लांब, मागच्या भिंतीला, दहा बाय नऊची झोपायची खोली. येणाराजाणारा, दूधवाला, पोरं, भांडी, सगळं पुढे. रात्रपाळी करून आलेला माणूस मागे. त्या खोलीला कामगारांनीच पुढे नाव पाडलं, तिसऱ्या शिफ्टची खोली.

पण आराखडा सहज मंजूर झाला नाही. सोसायटीचे पहिले चेअरमन सावंतसाहेब, कारखान्यात सुपरवायझर. भर सभेत ते म्हणाले, "दारातच चूल? पाहुणा आला की त्याने आधी आमचं खरकटं बघायचं का?"

"पाहुणा वर्षातून चारदा येतो, सावंतसाहेब," बाई म्हणाल्या. "रात्रपाळी दर तीन आठवड्यांनी येते."

"बाई, तुमचं लग्न झालंय?"

"नाही."

"तरीच!"

सभा खदखदून हसली. माझे वडीलही हसले, त्यांनीच घरी येऊन सांगितलं. आई त्यावर दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. शेवटी आराखडा मंजूर झाला तो बायकांच्या दुपारींसाठी नव्हे. स्वयंपाकघर आणि मोरी एकाच भिंतीला आल्याने नळाचा खर्च वाचत होता, म्हणून झाला. मी स्वतः कॉस्टिंगमध्ये नोकरी करतो. हिशेबाने चांगल्या गोष्टी घडतात हे मला माहीत आहे. पण कारण काय होतं हे लक्षात ठेवलं पाहिजे. जे खर्च वाचतो म्हणून आत येतं, ते खर्च वाचत नाही असं दिसलं की बाहेर जातं.

वास्तुशांतीच्या दिवशी दगडी पाटी लागली. उद्घाटकांचं नाव, सावंतसाहेबांचं नाव, आर्किटेक्ट म्हणून पुण्याच्या साहेबांचं नाव. बाई मागे बायकांत उभ्या होत्या. आईने विचारलं, "तुमचं नाव कुठाय वो?" बाई म्हणाल्या, "सही साहेबांची असते, वहिनी." आईला ते कधी पटलं नाही. ती त्या पाटीसमोरून जाताना मरेपर्यंत पदर नाकाला लावून जायची, जसं काही वास येतो आहे.

या शहराबद्दल बोलताना लोक कारखाने मोजतात, पूल मोजतात, आता मेट्रोचे खांब मोजतात. रस्ते ट्रकच्या वळणाने आखले, शाळा भोंग्याच्या वेळेने भरल्या. माणूस कामावर कसा पोचेल याचा विचार इथे पुष्कळांनी केला. तो कामावरून आल्यावर बाकीच्यांनी कुठे जायचं, हा विचार करणारी माझ्या माहितीत ही एकच व्यक्ती. आमच्या अंगणात जी तीस-चाळीस पोरं वाढली ती सगळी कुठल्या ना कुठल्या ओट्यावरून दिसत होती. एकही पोर हरवलं नाही, रस्त्यावर गेलं नाही. याचं श्रेय आम्ही शेजाऱ्यांच्या चांगुलपणाला दिलं. चांगुलपणा होता, पण खिडक्याही होत्या.

आणि मग आम्हीच त्या बुजवल्या. कारखान्यांतून लोकांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, हातात एकरकमी पैसा आला आणि घरोघर एकच काम निघालं : स्वयंपाकघर मागे, हॉल पुढे. तिसऱ्या शिफ्टच्या खोलीत ओटा बसला, पुढच्या जागेत सोफा आणि टीव्ही. गॅलऱ्या काचेने बंद झाल्या. पाहुण्याला खरकटं दिसायचं थांबलं. ज्यांची नोकरी चालू होती ते रात्रपाळी करून येऊन त्या सोफ्यावर झोपू लागले, डोक्याशी बेल आणि पायाशी टीव्ही. भांडणं वाढली. कोणालाही त्यात काही चुकलं असं वाटलं नाही, कारण हॉल सगळ्यांकडे झाला होता. आमच्या घरी तेवढं झालं नाही. गवंडी बोलावून वडिलांनी माप घ्यायला लावलं, तर आई ओट्यावर चढून बसली. "हात लावा तर खरं," म्हणाली.

पंधरा वर्षांपूर्वी आमच्या मागच्या भिंतीला गळती लागली तेव्हा मी बाईंना शोधून काढलं. त्या निगडीच्या बसने आल्या, पिशवीत टेप. गळतीचं कारण दहा मिनिटांत सांगितलं. मग म्हणाल्या, बाकीची घरं बघता येतील का? मी त्यांना चार घरं दाखवली. मला वाटलं रागावतील. सोफे, काचा, पीओपीचं छत, सगळं त्यांनी नीट पाहिलं, चहा घेतला आणि प्रत्येक घरात एकच विचारलं, "झोपता कुठे मग?" त्यानंतर वर्षातून दोनदा तरी त्या येत राहिल्या. आईशी त्यांचं चांगलं जमलं. आई गेल्यावरही येत, तिच्याच ओट्याशी उभ्या राहून चहा करत आणि साखर कमी घातल्याबद्दल माझ्या बायकोला टोमणा मारत.

गेल्या वर्षी पुनर्विकास ठरला. बावीस मजले, जिम, पोहण्याचा तलाव. नवा प्लॅन मी बाईंना नेऊन दाखवला. मधोमध हॉल, त्यातच उघडं स्वयंपाकघर आणि झोपायच्या दोन्ही खोल्यांची दारं थेट हॉलमध्ये. बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं. "मला सभेत अर्धा तास मिळेल का, मोहन?" कधी काही मागितलं नव्हतं त्यांनी. मी रीतसर अर्ज दिला. भगवानराव मूळचे चाकणजवळच्या निघोज्याचे, कारखान्यांमुळे जमिनीला भाव आल्यावर आमच्याकडे तीन फ्लॅट घेतलेले. मनाने वाईट माणूस नाही. ते म्हणाले, "मोहनराव, मंजूर नकाशावर बाईंची सही हाय का?"

"नाही. सही त्यांच्या साहेबांची आहे."

"मंग त्या कोन म्हनून बोलनार? उद्या कोनबी उठंल अन् म्हनंल ह्ये म्या बांधलं."

शेवटी शेवटची पाच मिनिटं मिळाली. पार्किंगमध्ये सभा, पडद्यावर बिल्डरची चित्रफीत, तलावात पोहणारी गोरी पोरं. बाई दोन तास प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होत्या, वय एक्क्याऐंशी. त्यांचं नाव पुकारलं आणि त्याच वेळी मागे वडापावच्या पातेल्यांची झाकणं निघाली. लोक उठले. त्या उभ्या राहिल्या, "मला फक्त झोपेबद्दल बोलायचं आहे..." म्हणाल्या. कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "आजी, आमाला पन झोपच यायलीय," आणि हशा झाला. माईकवाल्याने माईक बंद केला की तो बिघडला, ते मला आजही माहीत नाही.

माझी मुलगी ऋतुजा हिंजवडीत काम करते, परदेशातल्या वेळेप्रमाणे. सकाळी सातला कंपनीची कॅब तिला सोडते आणि दुपारी तीनपर्यंत ती त्या मागच्या खोलीत झोपते. ती उठून बाईंजवळ जाऊन बसली. "आजी, नव्या घरात मी झोपू कुठे?"

बाई म्हणाल्या, "अगं, ती खोली मी रात्रपाळीच्या नवऱ्यासाठी काढली होती. बाई रात्रपाळी करून घरी येईल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं तेव्हा... मी, नोकरी करणारी बाई असून!" मग त्यांनी बिल्डरचं माहितीपत्रक उलटं केलं, ऋतुजाकडून पेन घेतलं आणि त्याच साडेसातशे चौरस फुटांत भिंती हलवायला लागल्या. दोन दारं फिरवली, हॉलच्या कडेने एक बोळ काढला. एक फूटही जागा वाढली नाही. लोक वडापाव खात आजूबाजूने ये-जा करत होते आणि त्या दोघी कागदावर डोकं लावून बसल्या होत्या. त्या दिवसाइतक्या खुशीत मी बाईंना पाहिलं नाही.

तो कागद मी नव्या आर्किटेक्टकडे पाठवला. उत्तर एका ओळीचं आलं : असा प्लॅन मार्केटमध्ये चालत नाही. मी ते बाईंना सांगितलं. "तू पुन्हा विचारून बघ," म्हणाल्या. मी दोनदा विचारलं. मग बारा तारीख आली. त्या दिवशी जीएसटी सोसायटीने भरायचा ठरला, प्लॅन आहे तसाच मंजूर झाला. विरोधात एक मत, माझं.

हे मी आईच्या ओट्याशी बसून लिहितो आहे. दुपारचा दीड वाजला आहे. मागच्या खोलीत ऋतुजा झोपली आहे आणि इथे बायको डाळीला फोडणी देते आहे. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, खाली पोरं ओरडत आहेत, कुरिअरवाल्याने आत्ताच बेल वाजवली. मागे काही ऐकू जात नाही. दिवाळीनंतर घरं रिकामी करायची आहेत. नव्या घरात माझ्या मुलीचं दार सोफ्यासमोर उघडेल.

बाईंच्या दहाव्याच्या दिवशी सोसायटीच्या गेटवर फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. मध्ये बाईंचा फोटो, सभेतला, प्लास्टिकच्या खुर्चीसकट. खाली शोकाकुल म्हणून कमिटीच्या सातही जणांचे फोटो, न विचारता माझाही. बाईंच्या नावाखाली लिहिलं होतं, 'सोसायटीच्या हितचिंतक'. मी भगवानरावांना म्हणालो, हितचिंतक काय, वास्तुविशारद लिहा. ते म्हणाले, "आता छापलंय राव. अन् पुरावा कुठाय?" नव्या आर्किटेक्टना पहिला हप्ता साडेचार लाख, चेकने दिला. टेंबेबाईंच्या नावावर खर्च पडला अठराशे पन्नास रुपये. ते रोख दिले, चौकातल्या फ्लेक्सवाल्याला.