सोजराबाईंचा अंकुशी रुपया

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. शरच्चंद्र. पिंपरीच्या एका कंपनीत हिशेबखात्यात होते, पण आमच्या कॉलनीत त्यांची ओळख वेगळीच. ह्यांना नाण्यांतलं फार कळतं, अशी. ही ओळख कुणी दिलेली नव्हती हो, ह्यांनीच ती हळूहळू पसरवली होती. डबाभर जुनी नाणी, एक भिंग आणि सोनाराकडून जुना घेतलेला तराजू, एवढ्यावर माणूस तज्ज्ञ होतो, हे मी माझ्याच घरात पाहिलं.

पाहुणे आले की राणीछाप रुपया फरशीवर टाकून वाजवून दाखवायचे. "ऐकलंत? ह्याला म्हणतात चांदी!" पाहुणे माना डोलवायचे. मी आत पोहे परतत असायची. तोवर माझी काही तक्रार नव्हती. कुणी पत्ते कुटतं, कुणी तंबाखू मळतं, आमचे हे नाणी वाजवतात. कुणाचं काय जातंय, असं वाटायचं.

गेलं ते रंभाचं.

रंभाचं सासर भोसरी, माहेर चाकणजवळचं महाळुंगे. तिच्या सासूची, सोजराबाईंची, जमीन कारखान्यांत गेली होती. सोजराबाई विधवा, मुलगा एकुलता एक, ज्योतीराम. त्याला कंपनीत चिकटवून घेतलं होतं. बाकी उरल्या होत्या चार म्हशी, आणि त्यांचं दूध आमच्या कॉलनीत घालायला रंभा यायची. तोंडाने अशी फटकळ की विचारू नका. "वैनी, पातेलं नीट घासत जावा, न्हाईतर दूध नासलं म्हून माज्या नावानं वरडाल." मला अशी माणसं आवडतात. तिला मी चहा द्यायची आणि ती मला साऱ्या भोसरीच्या बातम्या. कुणाची सून रुसली, कुणाच्या म्हशीला रेडकू झालं, सगळं मला घरबसल्या कळायचं.

सोजराबाईंच्या देव्हाऱ्यात एक जुना चांदीचा रुपया होता. पेशवाईत त्यांच्या घरातल्या कुणाला तरी मोहिमेवरून परतल्यावर बक्षीस मिळालेला, म्हणे. त्यावर हत्तीच्या अंकुशाची खूण, म्हणून अंकुशी रुपया. दर लक्ष्मीपूजनाला तो चिंच आणि राख लावून लख्ख घासायचा, मग हळदकुंकू वाहायचं. घासायचा मान घरातल्या सुनेचा. किती सुनांनी तो घासला असेल कोण जाणे, वरची अक्षरं पार पुसट झाली होती. पण सोजराबाईंना त्याचा कोण अभिमान! जमिनीचं दुःख त्या ह्या रुपयाकडे बघून गिळायच्या. "आमी काय आजचं न्हाई," असं दिवसातून एकदा तरी म्हटल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे.

चौऱ्याहत्तरच्या गणपतीत कॉलनीच्या मंडळाने जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवलं. नाण्यांचं टेबल अर्थातच ह्यांच्याकडे. रंभानेच घरी जाऊन कौतुकाने सांगितलं, आणि सोजराबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, रुपया हळदीच्या फडक्यात बांधून आल्या. मागे रंभा, कडेवर पोर. निम्मी भोसरीही आली असेल त्यांच्याबरोबर.

ह्यांनी रुपया भिंगाखाली धरला. कपाळाला आठ्या. "ह्यावर फारसी आहे."

"आसंल की," सोजराबाई म्हणाल्या.

"अहो बाई, मराठ्यांच्या राज्यात नाण्यावर फारसी कशाला लिहितील? आणि अक्षरं बघा, अर्धी नाण्याच्या बाहेर. धड गोल नाही. कडेला कंगोरे नाहीत. वजनही कमी भरतंय." त्यांना ठाऊक होती ती राणीछाप नाणी. यंत्रातून पडलेली, गोल, गुळगुळीत. सगळं जग त्यांनी त्याच मापाने मोजलं. मग त्यांनी सवयीप्रमाणे रुपया फरशीवर टाकला. तो वाजला बद्द. फुटकं मडकं वाजतं तसा.

"खोटा आहे!" सगळ्यांना ऐकू जाईल असं हे म्हणाले. "हलक्या धातूवर मुलामा. फसवलंय तुम्हाला कुणीतरी."

रुपया घरंगळत माझ्या पायाशी आला होता. मी उचलला. कडेला एक बारीक ठोकल्याची खूण होती आणि तिथून काठापर्यंत केसासारखा तडा गेलेला. मी म्हटलं, "अहो, इथे तडकलाय हा. म्हणून आवाज बसला असेल."

"तू प्रसादाचं बघ," हे म्हणाले. चार माणसं हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण सोजराबाईंकडे बघितलं आणि माझा राग जागच्या जागी विझला. त्या बाईच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता.

घरी गेल्यावर त्यांनी हिशेब मांडला. आपले वाडवडील काही दूधखुळे नव्हते, त्यांना कोण खोटं नाणं देणार? म्हणजे मूळचा रुपया खराच. मग तो बदलला कुणी? देव्हाऱ्यातून काढून घासायला घेतं कोण? रंभा. वैशाखात भावाच्या लग्नाला माहेरी गेलं कोण? रंभाच. झालं! एवढ्यावर पोरगी चोर ठरली. ज्योतीराम आईपुढे मूग गिळून बसला. तसा तो मारणारा नव्हता, पिणारा नव्हता, पण बायकोच्या बाजूने एक शब्द बोलायचा तर त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

दुसऱ्या दिवशी रंभा आली, तिच्याबरोबर दूध नव्हतं. ह्यांच्यासमोर हात जोडून उभी राहिली. "सायेब, येकडाव परत बगा. तुमी खरा हाय म्हनला तर मला घरात ठिवत्याल."

"मी एकदा बघितलं की बघितलं," हे म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं.

"अहो, तिचा संसार मोडतोय!" मी ओरडले.

"तो त्यांच्या घरचा प्रश्न. मी फक्त नाणं पाहिलं."

मी घर डोक्यावर घेतलं. पुण्याला दाखवा, कुणा जाणत्याला विचारा, दुसऱ्याला विचारल्याने काही तुमची अब्रू जाणार नाही, नाना तऱ्हेने सांगितलं. दगडाला पाझर फुटला असता. आठवडा संपायच्या आत रंभाला महाळुंग्याला पोचवलं. पोरगा, चार वर्षांचा, सोजराबाईंनी ठेवून घेतला. नातू आमचा, म्हणे.

मधे एकदा रंभा भोसरीला आली होती. पोराला गोवर आला होता, कुणीतरी निरोप दिला. दुपारभर त्याच्या उशाशी बसली. संध्याकाळी सासूने चहासुद्धा न विचारता परत पाठवली. हे मला नव्या दूधवालीकडून कळलं.

मग कधीतरी बातमी आली की ज्योतीरामचं दुसरं लग्न ठरतंय. नव्या सुनेच्या जोडव्यांसाठी सोजराबाई घरातली मोडकी चांदी घेऊन पुण्याला एका सराफाकडे गेल्या. खोटा तर खोटा, वर मुलामा तरी चांदीचा असेल, म्हणून रुपयाही त्यात टाकला. म्हातारा सराफ तो हातात घेऊन बसूनच राहिला. म्हणाला, "आजी, हा वितळवू नका. अस्सल अंकुशी आहे. विकायचा असेल तर म्हणाल ती किंमत देतो." मग त्याने सगळं समजावून सांगितलं. मराठ्यांच्या राज्यातही रुपये दिल्लीच्या बादशहाच्या नावाने, फारसीतच पाडायचे. ठसा मोठा आणि चकती लहान, म्हणून अक्षरं अर्धी. वजन घटलं ते तुमच्या चिंचेने आणि राखेने. आणि जुने सराफ नाणं पारखून कडेला खूण ठोकायचे, त्या घावाने तडा गेला, म्हणून आवाज बद्द.

सोजराबाई बसमधून उतरल्या त्या थेट आमच्या घरी. "सायेब, खरा निगाला वो. मंग पोरीवर उगाच आळ घेतला का काय आमी? लगीन अजून व्हायचंय. मोडता येतंय. तुमी सांगा. त्यो सराफ परका, तुमचा शब्द गावानं ऐकलाय."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मनात म्हटलं, आता बोला. चुकलो म्हणा. एवढा एक शब्द तोंडातून काढा, मी आयुष्यभर तुमचं सगळं मुकाट्याने ऐकेन.

ह्यांनी भिंग लावलं. खूप वेळ बघितलं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, म्हणजे ह्यांना कळलं होतं. मी संसार केलाय ह्यांच्याबरोबर, मला त्या पाळ्या ठाऊक आहेत.

"खरं आहे हे नाणं," हे सावकाश म्हणाले. "पण मी पाहिलं होतं ते हे नव्हे."

सोजराबाई पुढे वाकल्या. "म्हंजे वो?"

"म्हणजे ते खोटं होतं, हे खरं आहे. मधल्या काळात घरात कोण येऊन गेलं, ते तुम्हीच आठवा."

"खोटं बोलताय!" मी पुढे झाले, रुपया हिसकावून घेतला. "सोजराबाई, हा बघा तडा. हीच खूण. त्या दिवशी मीच उचलला होता, ह्याच हाताने!"

"हिला नाण्यातलं काय कळतं?" हे हसून म्हणाले.

आणि म्हातारीच्या चेहऱ्यावर काय आलं, सांगू? सुटका! निरपराध पोरीला हाकललं हे पचवण्यापेक्षा हे किती सोपं होतं. "पोराच्या गोवराचं निमित करून आली व्हती," त्या म्हणाल्या. "तवाच ठिवला गुमान. भ्याली आसंल." रुपया माझ्या हातातून अलगद काढून घेतला, फडक्यात बांधला आणि ह्यांच्या पाया पडून गेल्या. वयाने ह्यांच्या आईएवढ्या होत्या. हे नको नकोसुद्धा म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी एसटीने महाळुंग्याला गेले. रंभा भावाच्या शेतात भुईमूग उपटत होती. वाळून काटकी झालेली. मला बघून पळतच आली. मी म्हटलं, "रंभा, रुपया खरा निघाला गं. पुण्याच्या सराफाने सांगितलं."

तिने पुढचं ऐकलंच नाही. "आगं ऐकलं का, खरा निगाला!" म्हणत भावजयीच्या नावाने हाका मारत घराकडे धावली. मी मागे मागे. तोंड धुतलं, चांगलं लुगडं नेसली, कुंकू लावलं. चार कपडे पिशवीत कोंबत बाहेर आली. "वैनी, तुमी सोता न्यायला आला! पोरगा वळकंल न्हवं मला? भोसरीची यष्टी कितीला हाय?"

तेव्हा मला सांगावं लागलं. कसं सांगितलं ते माझं मला ठाऊक. ती पिशवी हातात घेऊन उभी होती.

"खोटा व्हता तवा मी न्हेला," ती म्हणाली. "खरा निगाला तवा मीच ठिवला. आन् त्यो जागचा हाललाच न्हाई, आसं कुनालाच वाटलं न्हाई व्हय वो?"

"मला वाटलं ना, रंभा. मी बोलले तसं. ओरडून बोलले."

"तुमाला वाटून काय उपेग, वैनी," ती म्हणाली आणि लुगडं बदलायला आत गेली.