भिंतीपलीकडची डिस्क

आमच्या मावशीला एका जागी बसलेलं फक्त मायक्रोफोनने पाहिलंय. बाकीच्यांना ती पाठमोरीच दिसते, या खोलीतून त्या खोलीत जाताना. जेवतेसुद्धा अर्धी उभी राहून. पण अंध मुलांसाठी शाळेची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला बसली, की दीड-दीड तास खुर्चीही करकरत नाही. अकरा वर्षं हे चाललंय.

गेल्या वर्षी मात्र तिच्या हातून घात झाला. किती कॉपी झालं ते दाखवणारी कॉम्प्युटरवरची पट्टी पूर्ण भरली, तिने लगेच डिस्कची केबल उपटली आणि शाळेचे सर ती डिस्क घेऊन गेले. शाळा इतकी लांब, की तिथे इंटरनेटही धड पोहोचत नाही. तिकडे कळलं, इतिहासाचे शेवटचे चार धडे उतरलेच नव्हते. मुलांनी ते न ऐकताच परीक्षा दिली. मावशी याबद्दल बोलत नाही. दुसरं कुणी बोलू लागलं, तर भांडी घासायला उठते.

यंदा सर एक वाजता येणार होते. सकाळी दहाला मावशीने वर्षभराच्या रेकॉर्डिंगचे साठ जीबी डिस्ककडे रवाना केले. पहिले दोन जीबी वाऱ्यासारखे गेले, मग पट्टीने बसकण मारली. उरलेला वेळ: सोळा तास.

"सोळा," मावशी म्हणाली आणि गॅलरीत जाऊन आली. "अजून सोळाच."

"तू सारखी बघतेस म्हणून लाजत असेल," काका पेपराआडून म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो."

मग फोन लागला लिनक्सवाल्याला. मावशीच्या जुन्या कॉम्प्युटरवर त्याने विंडोज काढून लिनक्स बसवलं, तेव्हापासून त्याला हेच नाव. आता त्याची आईही "लिनक्सवाला आंघोळीला गेलाय" असं सांगते.

"कसं आहे ना ताई," तो म्हणाला. त्याचं प्रत्येक वाक्य इथूनच निघतं. "कॉम्प्युटर आधी सगळं आपल्या मेमरीत घेतो आणि झालं म्हणून सांगतो. डिस्कवर खरं लिहिणं मागून चालू असतं. तोंडाने हो, काम सावकाश."

"म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखा."

काकांनी पान उलटलं.

"गेल्या वर्षी तसंच झालं असणार, ताई."

मावशीच्या चपला फटक-फटक वाजत राहिल्या.

डिस्क भरली आहे का? नाही. बिघडली आहे का? तपासली, ठणठणीत. बाकीचे प्रोग्राम बंद केले, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला, पुन्हा सोळा तास. यात बारा वाजले.

"आता टर्मिनल उघडा, ती काळी खिडकी. एल, एस, यू, एस, बी, जागा सोडा, आडवी रेघ, टी. काय आलं?"

मावशीने धडा वाचावा तसं वाचलं. "पोर्ट तीन. मास स्टोरेज, स्वल्पविराम, बारा एम. पूर्णविराम दिलेला नाही."

"बारा? हा वेग आहे, तिथे पाच हजार पाहिजे."

"मी वाचते ते बरोबरच वाचते."

"कसं आहे ना ताई, डिस्क कुठे आहे?"

"स्वयंपाकघरात."

"आणि कॉम्प्युटर?"

"माझ्या खोलीत."

"मध्ये काय आहे?"

"भिंत."

"भिंत?"

रेकॉर्डिंग करताना डिस्कची घरघर मायक्रोफोनमध्ये शिरते, म्हणून काकांनी खणातल्या जुन्या केबलला केबल जोडत, दाराखालून, डिस्क थेट पिठाच्या डब्यावर नेऊन ठेवली होती. मावशीच्या लेखी ती केबल नव्हतीच, घराचा भाग होता.

"उपटा ते सगळं, एवढ्या जोडांमध्ये वेग मरतो," लिनक्सवाला म्हणाला. "डिस्कची स्वतःची आखूड केबल घ्या आणि कॉम्प्युटरच्या निळ्या पोर्टात लावा, तो वेगवान असतो. मग बघा."

आखूड केबल शोधण्यात अर्धा तास गेला, कारण ती काकांनी 'नीट' ठेवली होती. ती लावून सगळं पुन्हा पाठवल्यावर पट्टी सुटली. उरलेला वेळ: पंधरा मिनिटं.

एकला पाच कमी असताना पट्टी भरली. तेवढ्यात सर दारात.

"भरली की, दे त्यांना," काका म्हणाले.

"ताई, माझी बस एक-दहाची आहे," सर म्हणाले.

डिस्कचा दिवा लुकलुकत होता. मावशीने 'सुरक्षितपणे काढा' दाबलं. उत्तर आलं: लिहिणं चालू आहे, काढू नका. तिने दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. सर एका पायावरून दुसऱ्या पायावर. तिसऱ्या मिनिटाला दिवा थांबला आणि संदेश आला: आता काढू शकता.

सरांनी हात पुढे केला. मावशीने केबल काढली, आणि परत लावली.

"ताई?"

"इतिहासाचे शेवटचे चार धडे. फक्त शेवटची वाक्यं."

नववा वाजला. दहावा वाजला. अकराव्यात एक सनावळी आली, ती तिने पुन्हा ऐकली. बाराव्याचं "धडा समाप्त" खोलीत घुमलं, तेव्हा सरांनी घड्याळाकडे पाहणंही सोडलं होतं.

"ताई, बस चुकली."

"पुढची कितीला?"

"तीनला."

"मग चपला काढा, बसा," मावशी म्हणाली आणि पहिला धडा लावला. "तोवर उरलेले आठही ऐकून होतील."