लहान मेंदूतली वेल

भाकरी करपल्याचा वास आला, की अंबडचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. आईच्या लहान मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. हात न्यायचा एकीकडं आणि जायचा भलतीकडं. डॉक्टरांनी कागदावर चपट्या झाडासारखी पेशी काढली, फांद्यांमधून आडव्या तारा ओढल्या आणि वर एकच वेल चढवली. म्हणाले, "मावशी, हात चुकला की ही वेल झाडाला कळवते. झाड त्यातूनच शिकतं." घरी आई परातीशी बसली. मी पीठ घ्यायला वाकलो तशी म्हणाली, "चुकू दे की मला. समदं तूच करून राह्यला, मंग माझं झाड कसं शिकंल?" पहिली भाकरी अर्धी तव्यावर, अर्धी जाळावर पडली. वडील आणि मी, कुणीच उठलो नाही. आजही समोर कुणाचा हात अडखळला, की मी आपले हात मांडीखाली दाबून बसतो.