घोडा बांधल्याचा दाखला

सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं. इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत झाडूवालाही पोचला नव्हता, आणि तपासनीस बाईंनी ‘के’ अक्षरातल्या ‘कर्ब’ या नोंदीवर लाल रेघ ओढलीसुद्धा होती.

कर्ब म्हणजे रस्त्याच्या कडेला बसवलेली दगडी पट्टी. पूर्वी तिला घोडे बांधत, त्यावरून हे नाव पडलं, असं नोंदीत छापलं होतं. लिहिणारे मुख्य संपादक, म्हणजे बाईंचे मोठे दीर. शाळाशाळांतली भाषणं ते याच घोड्यापासून सुरू करतात.

बाई इथे टंकलेखक म्हणून लागल्या, मग संपादकांच्या घरात सून म्हणून गेल्या. दोन जुने दाखले हाती लागल्याशिवाय त्या कुठल्याच शब्दाचं मूळ पुढे सोडत नाहीत. हा गुण आहे, असं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसलेल्या कुणीही कधी म्हटलेलं नाही.

कचेरी भरल्यावर संपादक आले ते उभेच राहिले. “सही कर. दुपारी पान छपाईला जायचंय.”

“घोडा बांधल्याचा दाखला कुठाय, भाऊजी?”

“इथे सर म्हणायचं.”

“सर, दाखला नाही. मूळ लॅटिन, अर्थ वाकवणं. फ्रेंचमधून इंग्रजीत आला तो घोड्याच्या हनुवटीखालच्या पट्ट्याचं नाव म्हणून. नंतर विहिरीचा कठडा, बागेतल्या वाफ्याची कड, आणि सगळ्यात शेवटी रस्ता.”

“म्हणजे घोडा आहेच की.”

“आहे. दगडाला बांधलेला नाही.”

“उद्या शाळेत बोलायचंय मला. पोरांना काय विहीर सांगू?”

“सांगा. नाहीतरी पोरं झोपतातच, जाऊबाई म्हणत होत्या.”

कुणीतरी मुद्दाम खोकलं. संपादकांचा चेहरा उतरला नाही, आवाज मात्र उतरला. “घरातलं घरात ठेवायचं.”

लिहिणाऱ्याने स्वतःच्या नोंदीवर सही करायची नाही, हा नियम त्यांचाच. बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि ते टेबलावर ठेवलं.

संपादकांनी बाईंचंच लाल पेन उचललं आणि मुळाच्या सगळ्या ओळी खोडल्या. उरला नुसता अर्थ. “आता कर.”

खोटं काही उरलं नव्हतं. बाईंनी सही केली.

“उद्यापासून तू उच्चार बघ,” ते दाखल्यांची कार्डं कपाटात भरत म्हणाले.

“आणि मुळं कोण तपासणार?”

“कुणी नाही. पुढच्या अक्षरापासून मुळं छापायचीच नाहीत.”

उद्या सकाळी बाईंच्या टेबलावर ‘एल’ अक्षराच्या उच्चारांची प्रुफं असतील.