कोयत्याची वाट

माझा नवरा गेला त्याच्या पुढच्या हंगामाआधी पटकीची साथ आली आणि आमच्या मळ्यावरची इतकी माणसं गेली की तोडणीला हात पुरेनात. तोवर बायका खुरपणी करायच्या, पाचट ओढायच्या, मोळ्या बांधायच्या. कोयता पुरुषांकडे असायचा. त्या वर्षी आमच्या तुकडीच्या सिरदाराने, म्हणजे गावाकडे आपण ज्याला मुकादम म्हणतो त्याने, वस्तीत फिरून ज्या घरांत कोयता उरला होता तिथल्या बायकांना फडात उभं केलं. माझ्या घरात उरला होता.

करारावर जहाजाने आलो त्या बेटाच्या दक्षिण टोकाला, सूयाकच्या बाजूला आम्ही होतो. तिथे समुद्राला आडवं काही नाही, लाटा थेट कड्यावर येऊन आदळतात. फडात वाकलेलं असलं तरी तो धक्का तळपायाला जाणवायचा. जमीन काळ्या दगडांची. आमच्या आधीच्या माणसांनी, गुलामगिरीत राबलेल्यांनी, दगड वेचून फडाच्या मधोमध ढीग लावले होते, तरी प्रत्येक सरीत चार दगड राहिलेलेच.

नवऱ्याला पटकी झाली नव्हती. त्याला त्याचाच कोयता लागला होता.

गावी, रत्नागिरीकडच्या आमच्या डोंगरात, तो कवळ तोडायचा. भाताचे तरवे, म्हणजे रोपं काढायच्या जागा, भाजायला झाडांच्या कोवळ्या फांद्या लागतात, त्या तोडायला झाडावर चढावं लागतं. एका हाताने खोड धरायचं, आणि दुसऱ्या हाताने लांबून, बाहेरून आत असा वार घालायचा. फांदी खाली पडते, वार पुढे गेलाच तर कोयती खोडात रुतते. त्याचे पाय मागे बेचक्यात असायचे. त्या कामात त्याच्यासारखा माणूस आमच्या वाडीत नव्हता, आणि मी झाडाखाली फांद्या गोळा करत मान वर करून त्याचा हात बघत असे. लग्न नवं होतं.

तोच हात तो इथे घेऊन आला. उसाला मात्र झाडाचं खोड नसतं. डाव्या हाताने ऊस धरायचा, डावा पाय जरा पुढे येतो, आणि उजव्या हाताने बुडख्याशी वार. त्याचा कोयता अंगापासून लांबून सुरू व्हायचा, ऊस छेदून आत यायचा आणि डाव्या नडगीच्या जवळ थांबायचा. थांबताना टोक दगडाला लागायचं. ऊस तुटल्याची खच्च आणि मागोमाग बारीकशी टण. मी त्याच्या मागे मोळ्या बांधायचे. मान वर न करता मला कळायचं, तो कुठवर पोचलाय ते.

हंगाम संपत आला असताना एका वाऱ्याच्या सकाळी ऊस त्याच्या हातातून निसटला आणि कोयता नडगीवर आला. जखम मोठी नव्हती. त्याने चिंधी बांधली आणि ती सरी पुरी केली. आठवड्याभराने त्याचा जबडा आवळला. मळ्याच्या दवाखान्यात त्याचं अंग कमानीसारखं वर उचललं जायचं आणि दात एकमेकांवर घासायचे. बोलता येत नव्हतं, पण डोळे शुद्धीवर होते, ते माझ्यावर असायचे. तो गेला तेव्हा मला आधी वाटलं, बरं झालं, सुटला. रडू फार नंतर आलं.

तर त्याचाच कोयता घेऊन मी फडात उतरले. तोडायला मला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्याच दिवशी मला फार काही जड गेलं नाही, आणि मला स्वतःशीच नवल वाटलं. दुपारी बायका पाणी प्यायला थांबल्या तेव्हा त्यातली एक माझ्याकडे बघेना. मग हळूहळू कानावर आलं. मी वाकते तसाच तो वाकायचा. खांदा आधी उचलते, मनगट शेवटी वळवते, हेही त्याचंच. आणि वार झाल्यावर मागून टण.

मी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम कान देऊन तोडू लागले. खरंच होतं. खच्च, टण. पण त्यात आणखी एक गोष्ट होती, जी मी कुणाला सांगितली नाही. कधी कधी माझा कोयता वर असताना, अजून खाली आलेलाच नसताना, ती टण ऐकू यायची. माझ्या उजव्या हाताच्या सरीतून यायची, आणि त्या सरीत कुणी नसायचं.

मला भीती वाटली नाही, असं म्हणणं खोटं होईल. पण भीतीपेक्षा ओढ जास्त होती. पहाटे घंटा झाली की बाकीच्या बायका पाय ओढत निघायच्या, मी मात्र लवकर पोचायचे.

पहिली जखम मला आठच दिवसांत झाली. डाव्या नडगीवर, त्याला झाली होती त्याच जागी. कातडं फक्त सोललं होतं. वस्तीत बोलणं सुरू झालं की तो बायकोच्या हातात शिरलाय, तिला नेल्याशिवाय राहणार नाही. एका म्हाताऱ्या भगताला बोलावलं, त्याने अंगारा लावला, माझ्या मनगटाला काळा दोरा बांधला. सिरदार म्हणाला की हिला परत मोळ्यांवर घालतो. मी नको म्हटलं.

मग माझे दीर बोलले. नवऱ्याचा धाकटा भाऊ, आमच्याबरोबर त्याच जहाजाने आलेला. भाऊ गेल्यापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलत. फडात माझ्यापासून दूरची सरी घेत. त्या दिवशी संध्याकाळी माझ्या दारात येऊन बसले, नडगीवरची चिंधी बघितली.

"वयनी," ते म्हणाले, "तुझा कोयता बाहेरून आत येतो. दादाचा यायचा तसा."

मी म्हटलं, लोक म्हणतात तो माझ्या हातात आहे.

"असेल. असला तर असू दे. पण पाय तुझा आहे."

रविवारी सकाळी ते मला फडाच्या कडेला घेऊन गेले. तिथे तोडणी झालेल्या जागी थोडे ऊस मुद्दाम उभे ठेवले होते. एका उसाच्या उजवीकडे, जरा पलीकडे, त्यांनी लाकडी खुंटी ठोकली आणि मला म्हणाले, तोड. मी वार केला. कोयता उसाला पोचण्याआधीच खुंटीवर बसला आणि हात खांद्यापर्यंत झिणझिणला. त्यांनी समजावलं की कोयता मांडीजवळून निघाला पाहिजे, ऊस छेदून पुढे, अंगापासून लांब गेला पाहिजे. लांबून आला की खुंटी अडवणार. मग गोणपाटाची घडी करून माझ्या उजव्या काखेत दिली. वार करताना ती पडली तर समजायचं, कोपर अंगापासून सुटलं. डावा पाय त्यांनी काठीने मागे ढकलला.

सांगायला हे सोपं आहे. माझ्या डोक्याला पहिल्या सकाळीच कळलं होतं. हाताला कळेना. घडी पडायची, खुंटीवर वार बसायचा. घडी सांभाळली तर वारात जोर नसायचा, ऊस अर्धाच तुटून लोंबायचा. हळू हळू केलं की जमायचं, जरा वेग घेतला की हात त्याच्या जुन्या वाटेने जायचा. शेजारच्या वस्तीतली क्रेओल माणसं, त्या जुन्या गुलामांची पोरंबाळं, बघून हसायची आणि ओरडायची, दुसमां, दुसमां. सावकाश म्हणजे. मी सावकाशच करत होते, त्याहून सावकाश केलं असतं तर झोपच लागली असती.

असे किती रविवार गेले आठवत नाही. एक दिवस घडी काखेत राहिली, खुंटी हलली नाही, आणि ऊस जमिनीशी स्वच्छ तुटला. कोयता पुढे निघून गेला आणि हवेत थांबला. दीर म्हणाले, हां, असं. मी पुन्हा केलं, पुन्हा तसंच झालं. नुसती खच्च. पुढे काही नाही.

मी उभी राहिले. समुद्राचा आवाज येत होता, वाऱ्याने पाचट सळसळत होतं. उजवीकडच्या सरीकडे बघितलं. मी थांबले होते ते बहुधा तिथून काहीतरी येईल म्हणून. काही आलं नाही. मग मी कोयता खाली टाकला आणि म्हटलं, मला हे शिकायचं नाही.

त्यांनी कारण विचारलं नाही, मीच सांगितलं. माझ्याकडे त्याचं काही उरलेलं नव्हतं. कपडे दवाखान्यात जाळले. चेहरा अंधूक होत चालला होता, शेवटचे ते डोळे तेवढे स्वच्छ दिसत, आणि ते आठवायला नको वाटायचं. चांगला, धडधाकट, झाडावर चढणारा असा तो फक्त माझ्या खांद्यात उरला होता. तोही काढून टाकायचा का?

दीर खाली बसले. कोयता डाव्या हाताने उचलून त्यांनी मांडीवर धरला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे माणूस हल्ली सगळं डाव्या हाताने तोडतं. त्यांची सरी नेहमी मागे राहायची, सिरदार त्यांच्यावर खेकसायचा, आणि मला वाटायचं दुःखाने हात चालत नसेल. गावी ते उजव्या हाताचे होते.

"भावजी, तुम्ही डाव्या हाताने का तोडता?"

त्यांनी कोयत्याची धार बोटाने चाचपली. मग म्हणाले, "आम्हाला दोघांना बाबांनीच शिकवलं. एकाच झाडावर. दादाचा हात तो माझाही हात. उजव्या हाताने कोयता उचलला की तो माझ्या मागे येऊन उभा राहतो. तुला बरं वाटतं, वयनी. मला तो दवाखान्यातला दिसतो."

तेव्हा मला कळलं, ते माझ्यापासून दूरची सरी का घेतात ते. इतके दिवस माझ्या प्रत्येक वारात त्यांना तेच दिसत होतं, आणि तरी दर रविवारी समोर उभे राहून ते बघत होते.

मी घडी उचलली आणि त्यांच्या उजव्या काखेत दिली. ते नको नको म्हणत होते. मी त्यांच्या डाव्या हातातून कोयता काढून उजव्या हातात दिला आणि काठीने त्यांचा पाय मागे सारला.  पहिला वार खुंटीवर, दुसराही. तिसऱ्याला ते मागे वळून बघू लागले, तेव्हा मी म्हटलं, मागे मी आहे. मी खरंच त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. त्या दिवशी त्यांना एकही ऊस नीट तोडता आला नाही. पण घरी जाताना ते कोयता उजव्या हातात घेऊन गेले.

पुढचे रविवार आम्ही आळीपाळीने केलं. एकाने तोडायचं, दुसऱ्याने मागे उभं राहायचं. लोकांना त्यातही वेगळं दिसायला लागलं, पाट लावणार म्हणून कुजबूज झाली. तसं काही नव्हतं. आम्हा दोघांना एकच माणूस छळत होता, एवढंच आमचं नातं होतं, आणि ते पुष्कळ होतं.

जुनी वाट एकदम सुटली नाही. हंगामाच्या शेवटी कारखान्याला ऊस कमी पडू लागला, सिरदार घाई करू लागला, तेव्हा वेगात माझा हात दोनदा आत आला. एकदा कोयता नडगीवर तशीच बांधून ठेवलेल्या चिंधीला लागून थांबला. त्या दोन्ही वेळा टण ऐकू आली, आणि दोन्ही वेळा मला आधी बरं वाटलं आणि मग मी वाकून नडगी चाचपली. पुढच्या हंगामात तसं झालं नाही. माझ्या उजवीकडच्या सरीत आता एक मद्रासकडची बाई तोडायची, तिचा नुसता खोकला ऐकू यायचा.

दिरांचा करार संपला तेव्हा ते किनाऱ्यावरच्या माएबूर्गकडे गेले. तिथे थोडी जमीन खंडाने घेतली, भाजीपाला केला, लग्न केलं. त्यांची बायको मला म्हणाली, हे झोपेत उजवा हात पोटाशी घट्ट धरून ठेवतात.  खाली किनाऱ्यावर तापाची मोठी साथ आली त्या वर्षी ते गेले. मी तेव्हा वर पठारावर, क्युरपिपच्या पावसात एका घरी कामाला होते, मला उशिरा कळलं.

मी बरीच वर्षं ऊस तोडला. नडगीवर ती एक पांढरी रेघ सोडली तर दोन्ही पाय धड आहेत.

एकदा, तोडणी सोडून बराच काळ झाल्यावर, शेळीसाठी वाढे, उसाचे हिरवे शेंडे, आणायला मी एका फडात गेले होते. दुपार होती, तोडणारे जेवायला गेले होते, एकाचा कोयता सरीत पडला होता. मी तो उचलला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून डावा पाय पुढे घेतला, कोपर अंगापासून सोडलं आणि लांबून, बाहेरून आत, त्याच्यासारखा वार घालायला गेले. हात गेला नाही. मांडीजवळूनच निघाला, ऊस स्वच्छ तुटला, कोयता पुढे गेला. पुन्हा केलं. खांदा आधी उचलून बघितला, मनगट शेवटी वळवून बघितलं. मला ते नुसतं आठवत होतं, येत नव्हतं. मग मी तोडलेले ऊस पाचटाखाली सारले, वाढ्यांची मोळी बांधली आणि ते लोक यायच्या आत तिथून निघाले.